गिझाच्या घोड्याला आवतण

आमच्या घरात डब्यातल्या पोळ्या कधी वर्तमानपत्रात गुंडाळल्या नाहीत, पत्रकात गुंडाळल्या. बाबा शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. दारूविरुद्ध, भोंदू बुवांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, वीज दरवाढीविरुद्ध. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असत. ताई आणि मी ती दुमडायचो, आई अंगठ्याच्या नखानं घडी पक्की करायची आणि सभा संपल्यावर उरलेली पत्रकं स्वयंपाकघरात जायची. मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकावर नाही, 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. अजूनही कुठे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात मथळा आधी तयार होतो आणि विचार नंतर येतो.

त्यातलं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. 'वर्षभर पराणी, एक दिवस पुरणपोळी'. पराणी म्हणजे बैलाला टोचायची अणकुचीदार काठी. वर्षभर बैलाला टोचायचं आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या शिंगांना बेगड लावून ओवाळायचं, हे ढोंग आहे, असं बाबांनी त्यात ठणकावून लिहिलं होतं. आई अमरावतीजवळच्या वलगावची, बैलजोडीच्या घरातली. त्या पत्रकाच्याही घड्या तिनंच घातल्या आणि ती काही बोलली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

ताईचं लग्न होऊन ती इजिप्तला गेली. भाऊजी कैरोबाहेरच्या एका सूतगिरणीत इंजिनिअर आहेत. ताई पाच वर्षं बोलावत होती. शेवटी आम्ही निघालो ते आई आणि मी दोघीच, कारण बाबांवर जुन्या आंदोलनांचे दोन खटले अजून चालू आहेत आणि त्यात त्यांचा पासपोर्ट अडकला. मी तेव्हा अमरावतीत नोकरी करत होते आणि रात्री लेख लिहीत होते. ऑगस्टचे दिवस होते. ताई फोनवर म्हणाली, इथे ऊन फार आहे, विचार करा. आई म्हणाली, अकोल्याच्या माणसाला उन्हाचं भेव दाखवू नको.

तीन आठवडे राहिलो. पिरॅमिड जवळच आहे म्हणून रोज पुढे ढकलत गेलो आणि तो शेवटच्या दिवसावर राहिला. शुक्रवारी पिरॅमिड आणि शनिवारी दुपारी साडेबाराला परतीचं विमान. शुक्रवारी सकाळी निघायच्या वेळेलाच वलगावहून मामाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पोळा होता. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी तिकडे बैलांची खांदशेकणी. वर्षभर जिथे जू बसतं, तो खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानानं तूप आणि हळद लावून चोळतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, माणसाला देतात तसंच. आईनं मामाला एकच विचारलं, पांढऱ्या बैलाच्या खांद्याची गाठ बसली का. मग तिनं फोन ठेवला आणि भाकरी बांधायला घेतल्या. इजिप्तमध्ये पिरॅमिड पाहायला जाताना आमच्या डब्यात ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि तुपाची बाटली होती. भाकरी वीज दरवाढीच्या पत्रकात गुंडाळलेल्या होत्या. असे कागद आईनं पिशवीच्या तळाशी घालून अकोल्याहून आणले होते.

पिरॅमिडसमोर उभी राहिल्यावर मला राग येईल अशी माझी खात्री होती. एका माणसाच्या थडग्यासाठी हजारोंची हाडं झिजली, असा लेख मी विमानातच मनात लिहून ठेवला होता. पण राग आला नाही. सगळ्यात खालच्या थराचा एक दगड माझ्या छातीएवढा उंच होता. तो सकाळीच तापला होता, मी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. खूप बरं वाटलं. इतकं मोठं काम माणसाच्या हातांनी केलं, एवढंच मनात आलं. आई वर बघत नव्हती, ती दगडांच्या मधल्या फटी बघत होती. मग तिनं विचारलं, हे ओढून कशानं आणले असतील, यांच्यापाशी बैल होते का. ताईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि ते विचारायचं मला सुचलं नव्हतं याची थोडी लाजच वाटली.

तिन्ही पिरॅमिड एका नजरेत दिसतात ती जागा लांब, चढावर आहे. आईचे गुडघे वाळूत चालेनात. तेव्हा अजून पठारावर घोडागाड्या सर्रास फिरायच्या. आता विजेच्या बस आल्या आहेत, असं ताई सांगते. मी मान हलवायच्या आत ताईनं एक गाडी ठरवली. गाडीवाला साठीचा, पायघोळ झगा, डोक्याला फडकं. घोडा तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आई पुढे गाडीवाल्याशेजारी बसली, आम्ही मागे. चढ लागला आणि पन्नास-साठ पावलं गेल्यावर आईनं मागे वळून ताईला सांगितलं, "थांबव म्हना त्याले."

ताईनं विचारलं, काय झालं.

"उजवा खांदा चोरून राह्यला थो."

गाडी थांबली. आई माझा हात धरून उतरली, घोड्याच्या उजव्या बाजूला गेली आणि तिनं पट्ट्याखालची गादी दोन बोटांनी वर उचलली. खाली तळहाताएवढी जागा सोललेली होती. मधोमध लाल, कडेनं ओली.

मी पेटले. मला दुसरा शब्द सापडत नाही. मी फोन काढला आणि व्हिडिओ सुरू करून बोलायला लागले. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग थेट मराठीत. मुकं जनावर, तुझं पोट, तुझी लाज. हे मी सगळ्या जगाला दाखवीन, गेटवरच्या पोलिसांना दाखवीन. गाडीवाल्याला त्यातला 'पोलीस' हा शब्द तेवढा कळला. त्यानं घाईनं जखमेवर हात ठेवला. मला तो पुरावाच वाटला आणि मी फोन आणखी जवळ नेला. ताई माझी बाही ओढत होती. आजूबाजूचे पर्यटक पिरॅमिड सोडून आमच्याकडे बघायला लागले.

"तुयं झालं असन तं बाजूले सरक," आई म्हणाली. "मले त्याच्यापाशी जाऊ दे."

माझं झालं नव्हतं, पण मी सरकले.

आईनं डब्यातली तुपाची बाटली काढली. हळदीची पुडी तिच्या पर्समध्ये कायम असते, जगाच्या कुठल्याही टोकाला असते. पळसाचं पान कुठून येणार. तिनं भाकरीवरचा कागद फाडला, त्याचा बोळा केला, तुपात बुडवला, हळद लावली आणि जखमेच्या भोवतीनं खांदा चोळायला लागली. जखमेला बोट लावलं नाही, कडेकडेनंच फिरत राहिली. घोडा आधी थरथरला, मग त्याची मान हळूहळू खाली आली. गाडीवाला एक पाऊल मागे उभा होता. त्यानं काहीच अडवलं नाही.

मग आईनं ती गादी मागितली. पर्समधल्या सेफ्टी पिननं तिची एका बाजूची शिवण उसवली. आत कापूस होता, घामानं आणि वर्षांनी दगडासारखा झालेला. तिनं एक पुंजका काढून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून बघितला. तिच्या बापाच्या अंगणात कापसाचे ढीग पडत, तिला कापूस बघायला डोळे लागत नाहीत. कापूस चांगला आहे, बसून गेलाय नुसता, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि वाळूवर पाय पसरून पुंजके मोकळे करत बसली. दोन मिनिटांनी गाडीवालाही तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तो पण पुंजके सोडवायला लागला. जगातल्या सगळ्यात मोठ्या थडग्याच्या सावलीत एक वऱ्हाडी बाई आणि एक इजिप्तचा म्हातारा, एकमेकांची भाषा येत नसताना, अर्धा तास कापूस पिंजत होते. मधूनच घोडा मान वळवून बघायचा.

गादी फुगली. आईनं ती पिना लावून बंद केली, उठली, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि तिचा हात तिथेच थांबला. तिनं आमच्याकडे बघितलं. तूप, हळद, खांदा, असं सगळं हातून होत गेल्यावर पुढचं वाक्य तोंडातून आपोआप आलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी ती जे बापाच्या गोठ्यात म्हणायची, ते ती गिझाच्या पठारावर म्हणून बसली होती.

आम्ही गाडीत पुन्हा बसलो नाही. आई माझ्या खांद्यावर भार टाकून चालली आणि गाडीवाला रिकामी गाडी घेऊन बाजूनं. ताईला स्वयंपाकघरापुरतं अरबी येतं. आई घोड्याला काय म्हणाली, ते तिनं त्याला सांगितलं. त्यानं छातीवर हात ठेवला. स्फिंक्सच्या खाली जी वस्ती आहे, तिथे बेकरीच्या मागे त्याचा तबेला आहे, असं तो म्हणाला. बोलताना तो आईकडे बघत होता आणि मधूनच माझ्या हातातल्या फोनकडे. आईनं हळदीची उरलेली पुडी त्याला देऊन टाकली.

परत जाताना टॅक्सीत आई म्हणाली, "उद्या या लागन."

ताई हसली, मग तिच्या लक्षात आलं की आई हसत नाही. ताईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दीड तास लांब. सकाळी साडेदहाला विमानतळावर पोचायला हवं. मी आईला समजवायला लागले, आणि समजावताना माझा आवाज सभेतल्यासारखा होतो, हे मला माहीत आहे. मी म्हणाले की हे शब्द आहेत नुसते, सवयीनं निघाले. तो घोडा आहे, बैल नाही. त्याला पोळा माहीत नाही आणि मराठी तर मुळीच कळत नाही.

"त्याले नाई समजलं," आई म्हणाली. "मले तं समजलं ना."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. आवतण देऊन पाहुण्याला उपाशी ठेवणं तिच्या माहेरी कधी घडलं नव्हतं, आणि ते आपल्या हातून होईल या विचारानं तिचा चेहरा उतरला होता.

संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. मला साथ हवी होती. पोळ्याच्या ढोंगावर ज्यांनी पत्रक लिहिलं, ते तरी माझी बाजू घेतील. मी आधी घोड्याची जखम सांगितली, व्हिडिओ सांगितला, तो मी टाकणार आहे हे सांगितलं. मग आईचा हट्ट सांगितला. 

बाबा म्हणाले, "थे पत्रक आठोते तुले? त्यातलं एक वाक्य खोडा म्हने तुयी माय. बैल पुजनारा ढोंगी असते, हे. म्हने ज्याचा हात वर्सातून एकदा खांद्यावर फिरते त्याले जखम सापडते, तुमचा हात कधी फिरला? मी म्हटलं मुद्दा बाजूले जाते. अन् तसंच छापलं."

मी विचारलं, मग आता काय.

"मंग काय. जेवाले घाला त्याले."

रात्रीच ताईनं हरभऱ्याची डाळ भिजत घातली. पहाटे तिघींनी मिळून पुरण वाटलं. गूळ भारतीय दुकानातला होता, जरा खारट. आईनं सात पोळ्या केल्या. घोड्याला पुरण सोसेल का, ही शंका तिनंच काढली आणि तिनंच मिटवली. घोड्याला एकच, तेही चतकोर-चतकोर करून, बाकीच्या गाडीवाल्याच्या घरच्यांना. सामान डिकीत टाकून आम्ही उजाडताना निघालो. टॅक्सीवाल्याला ताईनं सांगितलं की नऊला तिथून निघायचंच आहे.

वस्तीत पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. बेकरी सापडली. तिच्या मागे एक नाही, पाच-सहा तबेले होते. ताई एकेकाला विचारत गेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेला तांबूस घोडा, मालक म्हातारा. लोक आधी ताईकडे बघत, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि मान हलवत. एक जण तर म्हणाला, असा घोडाच इथे नाही. पाच मिनिटांपूर्वी दाराशी उभी असलेली बाई आम्ही जवळ जाताच आत गेली आणि तिनं दार लावलं.

मला उशिरा कळलं, पण कळलं. काल पठारावर ज्या पोरीनं पोलिसांचं नाव घेतलं, ती आज फोन घेऊन गल्लीत आली होती. ते एका जखमी घोड्याला नाही, त्यांच्यातल्या एका माणसाला लपवत होते. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. अकोल्यात बाबांना शोधत पोलीस यायचे, तेव्हा आमची अख्खी गल्ली अशीच मान हलवायची.

आठ वाजून गेले. आई बेकरीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला दोष दिला नाही. ती नुसती डब्याच्या झाकणावर हात ठेवून होती, पोळ्या गरम राहाव्यात म्हणून. मला ते बघवलं नाही. मी टॅक्सीपर्यंत पळत गेले, फोन सीटवर टाकला, परत आले, आईच्या हातातून डबा घेतला आणि बेकरीवाल्यासमोर उघडला. वाफ आली. मी बोटानं खांदा दाखवला, मग चोळून दाखवलं, मग घास दाखवला. आणि दोन्ही तळहात उघडे करून दाखवले, माझ्याकडे काही नाही म्हणून.

बेकरीवाल्यानं डब्यात डोकावून बघितलं. मग पायरीवरच्या आईकडे. मग पीठ लागलेल्या हातानं तिसरं निळं दार दाखवलं.

म्हातारा आतच होता. घोडा मोकळा उभा होता, अंगावर पट्टा नाही, साज नाही. त्या दिवशी त्याला जुंपला नव्हता. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि तो थबकला. मग त्यानं घोड्याच्या तोंडावरची मोरखी धरली आणि त्याला हळूच फिरवून उजवी बाजू माझ्यासमोर आणली. जखमेच्या कडेला ताजी हळद होती. त्यानं सकाळी स्वतः लावली होती. जखम काही एका रात्रीत बरी झाली नव्हती, पण कोरडी होती. मी मान हलवली. माझ्याकडे मथळा नव्हता.

आई पुढे झाली. गव्हाणीत कुटार, म्हणजे भुसा होता, आपल्याकडच्यासारखाच गव्हाचा. बरसीमचा हिरवा चारा नाही का, असं आईनं ताईमार्फत विचारलं, आणि म्हातारा ताईची वाट न बघताच बोलायला लागला, कारण बरसीम हा शब्द त्याच्याच भाषेतला, अरबी होता. ते हिवाळ्यात, आता नाही, असं त्यानं हातानं सांगितलं. आईनं मान डोलावली, आमच्याकडेही हिवाळ्यातच. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, पोळीचा चतकोर तोडला आणि तळहातावर धरला. घोड्यानं हुंगलं. नाक बाजूला केलं. पुन्हा हुंगलं. आईचा हात तसाच पुढे होता, जराही हलला नाही. आम्ही तिघं बघत होतो. मग त्यानं ओठांनी तो चतकोर उचलला, चावला आणि लगेच आईचा तळहात चाटायला लागला, तूप शोधत. आई हसली, पहिल्यांदा कालपासून.

एक पोळी संपेपर्यंत ती तिथेच उभी होती. म्हाताऱ्याच्या बायकोनं बाकीच्या पोळ्या घेतल्या, एक मोडून तोंडात टाकली, डोळे मोठे केले आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय हलू दिलं नाही. नऊ वाजून गेले. तबेल्याच्या भिंतीवरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, पिरॅमिड दिसत होता. त्या अंगणात तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही थोडंच होतं.

विमान मिळालं, धावतपळत. आत बसल्यावर मी तो व्हिडिओ लावला, टाकण्याआधी एकदा बघावा म्हणून. घोडा त्यात चार-पाच सेकंद होता. बाकी सगळा माझा आवाज. जखम तर दिसतच नव्हती, तिच्यावर म्हाताऱ्याचा हात होता. मी तो काढून टाकला. घोड्यांच्या हालांवर मी पुढे लिहिलं, आणि कडक लिहिलं. पण ते छापायला देण्याआधी आईला वाचायला दिलं, आणि तिनं दोन वाक्यं खोडली.

अकोल्याच्या स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली. प्रवास कसा झाला, पिरॅमिड कसा होता, यातलं काही विचारलं नाही.

"जेवला काय पाहुना?"

"जेवला," आई म्हणाली. "तूप जरा कमी पडलं."